बाजारात न उतरलेली वानगी

वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांना वानगी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली की जाणता खरेदीदार आधी एक पुंजका हाती घेतो, दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढतो, तंतूची लांबी न्याहाळतो, सरकी दाबून ओलावा अजमावतो आणि मगच भाव बोलतो. सौदा गाडीभर मालाचा होतो. ठरतो मात्र त्या मूठभर वानगीवर. सौदा पुरा झाला की ती वानगी कोणी जपून ठेवत नाही. तिच्यामागे सगळा माल उभा असतो, मग तिचे जतन कशाला करायचे?

परंतु माल कधी आलाच नाही आणि वानगी तेवढी मागे राहिली, तर तिचे मोल काय धरावे? संगणकाच्या जगात असे पुष्कळदा घडले आहे. एखाद्या कंपनीने नवे यंत्र योजले, त्याचे आराखडे केले, चाचणीसाठी दहा-वीस नग हाताने जुळवून तयार केले आणि ऐन वेळी तो बेतच रद्द झाला. जाहिरात छापली गेली नाही, दुकानात खोके आले नाही, ग्राहकाला नावही कळले नाही. उरले ते चाचणीचे नग. त्यांतले बहुतेक मोडीत गेले आणि काही कोणाच्या तरी कपाटात राहिले. अशी कधीच विक्रीला न आलेली यंत्रे शोधून, तपासून, जतन करणारे संग्राहक आज जगभर आहेत. वरवर पाहता हा छंद विक्षिप्त वाटेल; परंतु त्यात इतिहास आहे, व्यवहार आहे आणि आपल्याकडे तर काळाशी शर्यतही आहे.

वानगीपासून मालापर्यंत

कोणतेही संगणकीय यंत्र एका झेपेत तयार होत नाही. पहिल्या पायरीवर उघड्या फळीवर सुटे भाग आणि मोकळ्या तारा जोडून कल्पना चालते की नाही, एवढेच पाहिले जाते. दुसऱ्या पायरीवर मोजके सर्किट बोर्ड तयार होतात. त्यांत चुका निघतात आणि त्या दुरुस्त करण्यासाठी बोर्डाच्या पाठीवर बारीक तारा हाताने डकवल्या जातात. पुढे काही नग आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे आणि भागीदार कंपन्यांकडे धाडले जातात, म्हणजे यंत्र बाजारात येईपर्यंत त्यासाठीच्या आज्ञावल्याही तयार व्हाव्यात. शेवटी कारखान्यात चाचणी-उत्पादन होते. या सर्व पायऱ्या ओलांडल्यावर जे यंत्र उरते, तेच ग्राहकाला दिसते.

वऱ्हाडात या रीतीला समांतर असे एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पिकांच्या अनेक वाणांच्या चाचण्या चालतात. त्यांतले फार थोडे प्रसारित होतात. बाकीचे चाचणीच्या वाफ्यातच थांबतात. जो वाण प्रसारित झाला नाही तो निरुपयोगी होता, असे मात्र म्हणता येत नाही. कोणता रोगाला बळी पडला, कोणता उत्पन्नात मागे राहिला आणि कोणता चांगला असूनही उशिरा पिकणारा निघाला, या नोंदींवरच पुढचा वाण उभा राहतो. न आलेल्या यंत्रांचेही तसेच आहे.

यंत्र मागे घेण्याची कारणे बहुधा चार असतात: तांत्रिक दोष सुटत नाही, खर्च विक्रीच्या भावापेक्षा वर जातो, मुहूर्त हुकतो आणि प्रतिस्पर्धी पुढे निघतो, किंवा कंपनीच बुडते. व्यापाऱ्याला यांतले एकही कारण अपरिचित नाही.

अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाचे उदाहरण घ्यावे. १९८४ मध्ये विक्रीला आलेला मॅकिंटॉश साडेतीन इंची डिस्क वापरीत असे. त्याआधी १९८३ मध्ये बनवलेल्या चाचणी-नगांत मात्र ॲपलने स्वतः घडवलेला सव्वापाच इंची 'ट्विगी' नावाचा डिस्क-चालक होता. तो भरवशाचा निघाला नाही. शेवटच्या टप्प्यात तो काढून सोनी कंपनीचा चालक बसवण्यात आला आणि ट्विगीचे नग मोडीत काढण्यात आले. त्यांतून वाचलेले अगदी थोडे मॅकिंटॉश आज संग्राहकांकडे आहेत. विक्रीला आलेले यंत्र पाहून हा निर्णय कळत नाही. तो कळतो न विकलेल्या यंत्रावरून.

दिवाळ्यातून बाहेर आलेले

अशा वस्तूंचा मोठा झरा म्हणजे बुडालेल्या कंपन्यांचे लिलाव. कमोडोर ही एकेकाळची नामांकित कंपनी. १९८२ मध्ये तिने आणलेला 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक जगभर प्रचंड खपला. त्याचा वारसदार म्हणून १९९०-९१ च्या सुमारास 'कमोडोर ६५' घडवण्यात आला. नवी चिप, अधिक रंग, आतच बसवलेला डिस्क-चालक अशी त्याची तयारी होती. पण कंपनीचा निर्णय फिरला आणि तो विक्रीला आलाच नाही. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरनेच दिवाळे जाहीर केले. मालमत्तेची विल्हेवाट लावताना गोदामातील इतर मालाबरोबर हे चाचणी-नगही बाहेर पडले. काहींत भाग अपुरे होते, काहींत अंतर्गत आज्ञावली निरनिराळ्या अवस्थेत होती. त्या वेळी ज्यांनी ते कुतूहलापोटी घेतले, त्यांच्याकडील नगांना आज हजारो युरो मोजले जातात.

दुसरी गोष्ट थ्रीडीएफएक्स या कंपनीची. संगणकावरील खेळांतील त्रिमितीय चित्रे वेगाने दाखवणारे कार्ड बनवण्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा दबदबा होता. २००० साली तिने दोन चिपांचे 'व्हूडू ५ ५५००' हे कार्ड विकले. त्याच्या वरचढ म्हणून चार चिपांचे 'व्हूडू ५ ६०००' तयार होत होते. त्याची विजेची भूक इतकी होती की संगणकातून मिळणारा पुरवठा पुरेना. भिंतीवरच्या प्लगमधून स्वतंत्र वीज देण्याची योजना करावी लागली. दोष दुरुस्त होण्याआधीच डिसेंबर २००० मध्ये कंपनीने आपली मुख्य मालमत्ता एनव्हिडिया या प्रतिस्पर्ध्याला विकण्याचे जाहीर केले. हे कार्ड दुकानात कधीच गेले नाही. चाचणीसाठी बनलेले थोडे नग मात्र उरले आणि संग्राहकांनी बोर्डावरील तारीख, आवृत्ती आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या तपासून त्यांची वंशावळच मांडली.

तिसरी गोष्ट लिलावाच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने ऐकण्याजोगी आहे. सोनी आणि निन्टेंडो या दोन जपानी कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकत्र येऊन सीडीवर चालणारे खेळयंत्र करण्याचे ठरवले होते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे सांगितले. भागीदारी मोडली. दुखावलेल्या सोनीने स्वतंत्रपणे काम पुढे नेले आणि डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचे प्लेस्टेशन बाजारात आणले. मधल्या काळात घडलेल्या संयुक्त यंत्राचे चाचणी-नग नाहीसे झाले, असेच सगळे समजत होते.

सोनीच्या या विभागाचे एकेकाळचे प्रमुख ओलाफ ओलाफसन पुढे अमेरिकेतील ॲडव्हान्टा या वित्तसंस्थेत गेले. ती संस्था बुडाल्यावर २००९ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला. तेथील देखभाल विभागातल्या एका कर्मचाऱ्याने सुमारे ७५ डॉलरला किरकोळ सामानाचा एक लॉट घेतला. त्यात ते यंत्र होते. पोटमाळ्यावर ते कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. २०१५ मध्ये ते उजेडात आले, पुढे जाणकारांच्या हातून दुरुस्त होऊन चालू झाले आणि मार्च २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ३,६०,००० डॉलरला विकले गेले. त्या वेळच्या दराने ही रक्कम अडीच कोटी रुपयांहून अधिक होते.

या गोष्टीला व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक पुरवणीही आहे. लिलावाआधी १२ लाख डॉलरची मागणी आली होती आणि आपण ती नाकारली, असे मालकाने सांगितले होते. जिथे बाजारात एकच नग आहे, तिथे बाजारभाव असे काही नसते. घेणारा जे देईल, तो भाव. म्हणून या छंदाकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने आधी बुडीत खात्याची तयारी ठेवावी.

घरची आद्ययंत्रे

दूरदेशच्या या गोष्टी ऐकताना वाटते, आपला याच्याशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. भारतातील संगणकनिर्मितीची सुरुवातच एका चाचणी-यंत्राने झाली, आणि तीही महाराष्ट्रात.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ब्रिटनहून संगणक आणवला. त्याच सुमारास मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक लहानसा गट संगणक स्वतःच बांधण्याच्या खटपटीत होता. देशात संगणकाचे सुटे भाग बनवणारा उद्योग नव्हता, अनुभवी माणसे नव्हती. अशा वेळी थेट मोठे यंत्र हाती घेणे म्हणजे भांडवल पाण्यात घालणे. गटाने व्यापाऱ्याला शोभेल अशी युक्ती केली. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले. १९५६ मध्ये ते चालू झाले. ते विकण्यासाठी नव्हते, दाखवण्यासाठीही नव्हते. आपल्याला हे जमते का, हे पाहण्यासाठी होते.

जमते असे कळल्यावर उभे राहिले ते पूर्ण आकाराचे यंत्र. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे घडलेल्या संगणकाच्या धर्तीवर त्याची रचना होती. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात ते बसवलेले होते. १९६० मध्ये ते रीतसर कार्यान्वित झाले आणि पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. १९६५ पर्यंत ते वापरात होते.

टिफ्रॅकच्या स्मृतीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. त्यात प्रत्येकी ४० अंकी असे २,०४८ शब्द मावत. प्रत्येक अंकासाठी चुंबकीय द्रव्याची एक इवलीशी कडी धरली, तरी कड्यांची संख्या ८१,९२० होते. अशा कड्यांमधून केसासारख्या बारीक तारा ओवून स्मृतीची जाळी विणली जात असे; एखाद्या कसबी हाताने मोत्यांची जाळी विणावी तशी. या सगळ्या खटाटोपातून जेवढी माहिती साठत असे, तिच्या शेकडो पट माहिती आज मोबाइलमधील एका छायाचित्रात असते.

यानंतरचा धागा सरळ वऱ्हाडात येऊन पोचतो. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातील मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचे जन्मगाव. ११ ऑक्टोबर १९४६ हा त्यांचा जन्मदिवस. नागपुरात अभियांत्रिकीची पदवी, बडोद्यात पदव्युत्तर शिक्षण आणि दिल्लीच्या आयआयटीतून १९७२ मध्ये डॉक्टरेट, असा त्यांचा शिक्षणक्रम. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला क्रे या अमेरिकी कंपनीचा महासंगणक हवा होता. पण हव्या त्या क्षमतेचे यंत्र द्यायला अमेरिका तयार होईना. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि त्याची धुरा भटकरांकडे आली.

एकच बलाढ्य चिप मिळत नव्हती. तेव्हा अनेक लहान चिपांना एकाच कामाला जुंपायचे ठरले. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या 'ट्रान्सप्युटर' नावाच्या चिपा त्यासाठी निवडल्या गेल्या. त्यांची घडण अशी की त्या शेजारच्या चिपांशी थेट बोलू शकत. १९९० मध्ये झुरिच येथील महासंगणकांच्या प्रदर्शनात या यंत्राच्या प्राथमिक नमुन्याची क्षमता-चाचणी झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' देशापुढे आले. परमच्या पुढच्या पिढ्या 'परम १००००', 'परम पद्म' या नावांनी ओळखल्या जातात. पण त्या सर्वांची वानगी म्हणजे झुरिचला गेलेला तो नमुना.

त्याच सी-डॅकमधून पुढे आलेली आणखी एक वस्तू वऱ्हाडातील कित्येक कचेऱ्यांनी पाहिली असेल. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून उगवलेले 'जिस्ट' हे तंत्र सी-डॅकने वाढवले. साध्या डॉस संगणकात जिस्ट कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत. ते बाजारात आलेले कार्ड होते. पण त्यामागेही चाचणीचे बोर्ड आणि फसलेल्या आवृत्त्या होत्याच. आज विकलेले कार्डही सहजी दिसत नाही. मग न विकलेल्याची काय कथा?

दोन कायद्यांच्या फटीत

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. आपल्या देशात जुन्या वस्तूंना संरक्षण देणारा कायदा आहे: पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२. त्यानुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावस्तू ठरते. शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि नोंदींना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. या हिशेबाने १९५६ चे प्रायोगिक यंत्र २०५६ पर्यंत पुरावस्तू ठरत नाही. १९९० चा नमुना तर २०९० पर्यंत थांबेल.

दुसऱ्या बाजूला ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या कार्यालयांनी आणि संस्थांनी आपली बाद उपकरणे नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावीत, असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो योग्यच आहे. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणे आणि आम्लात बोर्ड बुडवून सोने काढणे यांनी माणसे व माती दोन्ही नासतात. परंतु नियमाच्या नजरेत बाद बोर्ड म्हणजे बाद बोर्ड. तो जगात एकच आहे की लाखांतला एक आहे, हे विचारायला तिथे कोणी बसलेले नसते.

अशा रीतीने ही यंत्रे पुरावस्तू ठरण्याइतकी जुनी नाहीत आणि कचरा ठरण्याइतकी मात्र जुनी झाली आहेत. या फटीत त्यांना वाचवू शकतो तो फक्त जाणता माणूस: ज्याच्या नजरेखालून माल जातो, ज्याला लॉट उघडून पाहायची सवय आहे आणि ज्याच्याकडे चार वस्तू ठेवायला जागा आहे. व्यापारी कुटुंबांत या तिन्ही गोष्टी बहुधा असतात. बंद पडलेल्या संगणक-शिकवणीचे सामान, कारखान्याच्या विक्रीतील जुन्या नियंत्रण-पेट्या, एखाद्या निवृत्त अभियंत्याच्या घरातली आवरासावर, संस्थांची निर्लेखन-विक्री हे सारे शेवटी कोणत्या ना कोणत्या व्यापाऱ्याच्या हातून जाते.

ओळख कशी पटते

विक्रीचा बोर्ड आणि चाचणीचा बोर्ड यांत फरक करायला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. सराफाची नजर पुरते. विक्रीच्या बोर्डावर छापील अनुक्रमांक, प्रमाणपत्रांच्या खुणा आणि नीटस यंत्रसोल्डर असते. चाचणीच्या बोर्डावर अनुक्रमांक हाताने लिहिलेला किंवा मुळीच नसतो. पाठीवर रंगीत बारीक तारा इकडून तिकडे डकवलेल्या असतात. काही जागा रिकाम्या, तर काही भाग एकावर एक चढवलेले असतात. चिपेवर कागदी पट्टी चिकटवून पेनाने तारीख आणि आवृत्ती लिहिलेली असते. इंटेलसारख्या कंपनीच्या चाचणी-चिपांवर नेहमीच्या विक्री-संकेताऐवजी वेगळी अक्षरे आणि 'गोपनीय' अर्थाचा इंग्रजी शिक्का असतो.

या शेवटच्या खुणेपाशी मात्र थांबायला हवे. चाचणीसाठी दिलेल्या चिपा ही आपलीच मालमत्ता असून त्या विकायच्या नसतात, अशी इंटेलची भूमिका आहे. इतरही कित्येक कंपन्या असे नग उसनवारीच्या कराराने देतात. म्हणून वस्तू कोणाकडून, कोणत्या व्यवहारातून आली, हे विचारल्याशिवाय ती घेऊ नये. संस्थेच्या निर्लेखनात रीतसर विकत घेतलेली असेल तर पावती जपावी. पावती नसलेली दुर्मीळ वस्तू उद्या विकताना अडते. त्याहून वाईट म्हणजे ती कोणाच्या तरी विश्वासघातातून आलेली असू शकते. पेढीची पत पिढ्यांनी कमावलेली असते. ती एका बोर्डापायी घालवण्यात शहाणपण नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा आणि जुना बोर्ड

घेतलेली वस्तू टिकवणे हे घेण्याहून कठीण. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखालचे गोदाम भट्टी होते. जुन्या कपॅसिटरमधील द्रव अशा उष्णतेने लवकर आटतो किंवा गळतो. कोरड्या हवेत स्थिर विद्युत अधिक साठते. कपड्याच्या एका घर्षणाने चिप निकामी होऊ शकते. आषाढात दमट हवा शिरली की तांब्याच्या रेषा हिरव्या पडू लागतात. म्हणून जागा निवडावी ती घराच्या आतल्या, उत्तरेकडील सावलीच्या खोलीतील कपाटाची. बोर्ड स्थिर विद्युत रोखणाऱ्या पिशवीत ठेवावा, साध्या थर्माकोलमध्ये नव्हे. सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात.

बोर्डावर घड्याळासाठी सोल्डर केलेली जुनी बॅटरी असेल, तर जाणत्या माणसाकडून ती आधी काढून घ्यावी. तिच्यातला क्षार गळून बोर्डावरच्या रेषा खाऊन टाकतो आणि जुन्या यंत्रांच्या नाशाचे ते मोठे कारण आहे. काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चिपेवरची कागदी पट्टी कधीही सोलू नये. तिच्याखाली बहुधा काचेची खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश आत गेला की साठवलेली आज्ञावली पुसली जाऊ शकते. आणि कितीही मोह झाला तरी जुने यंत्र थेट विजेला जोडू नये. जुन्या चित्रनळीच्या पडद्यात बंद असतानाही जीवघेणा विद्युतभार शिल्लक असू शकतो. तो उघडण्याचे काम तज्ज्ञाचेच.

प्रत हाच आधार

सर्व काळजी घेऊनही वस्तू एक दिवस थकते. चिपेतील आज्ञावली काही दशकांनी आपोआप विरू लागते. म्हणून जाणते संग्राहक यंत्र हाती येताच पहिले काम करतात ते आतल्या आज्ञावलीची प्रत काढण्याचे. त्याबरोबर आराखडे, पत्रव्यवहार, चाचणीच्या वह्या, खोक्यावरची लेबले हे सारे जपतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गुप्तलेख उलगडण्यासाठी बांधलेली कोलोसस यंत्रे युद्धानंतर बहुतेक मोडून टाकण्यात आली. पुढे टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती लागलेली काही छायाचित्रे आणि आराखड्यांचे तुकडे यांच्या आधारे कोलोसस पुन्हा उभे केले. यंत्र गेले होते. कागदाचे तुकडे राहिले म्हणून ते परत आले.

अमरावतीला तर ही शिकवण परकी नाही. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथील ताडपत्रांवर जतन झाली होती. तिच्या प्रतींवरून संपादन करून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध केला आणि पुढे १६ खंडांत ते काम पुरे झाले. त्या वेळी ते येथील किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करीत होते. ताडपत्र आणि सिलिकॉनची चिप यांत अंतर मोठे आहे. पण एकाच ठिकाणी एकच प्रत असणे हा धोका दोहोंना सारखा, आणि नक्कल करून ठेवणे हा उपायही तोच.

संग्रह आणि साठा

व्यापाऱ्याच्या भाषेत साठा आणि संग्रह यांत भेद आहे. साठ्यातला एक नग दुसऱ्यासारखा असतो आणि भाव आला की तो निघतो. संग्रहातली प्रत्येक वस्तू वेगळी असते आणि तिच्यासोबत तिची हकिकत असावी लागते. हकिकत नसलेले चाचणी-यंत्र म्हणजे शेवटी तारा डकवलेला एक बोर्ड. म्हणून पैशांपेक्षा येथे अधिक लागते ती नोंदीची शिस्त, आणि ती तर आपल्या घरांत मुरलेली आहे. रोजमेळ आणि खतावणी लिहिणाऱ्या घराला एक आणखी वही अवघड नाही: वस्तू कोणती, कधी आली, कोणाकडून, कशी दिसते, कोणती दुरुस्ती केली, कोणाला दाखवली. ही वही घरातल्या शाळकरी मुला-मुलींच्या हाती द्यावी. छायाचित्रे काढणे, खुणा टिपणे, अनुक्रमांक शोधणे यांत त्यांना गोडी लागेल आणि यंत्र आतून कसे विचार करते याचे शिक्षण पुस्तकाशिवाय होईल.

सुरुवात खर्चाची नाही. माळ्यावरचा जुना संगणक, त्यातले जिस्ट कार्ड, पहिल्या हिशेब-आज्ञावलीच्या फ्लॉपी, बंद पडलेल्या शिकवणीतला एखादा अनोळखी बोर्ड भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. ओळख पटली नाही तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकाला दाखवावा. वस्तू खरोखर मोलाची निघाली आणि घरी सांभाळणे जमणार नसेल, तर ती अभिलेख सांभाळणाऱ्या संस्थेकडे रीतसर सोपवण्यातही मोठेपणा आहे. आणि ती साधी निघाली, तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राची वाट मोकळी आहेच.

ज्या वहीत फक्त नफा लिहिलेला असतो, त्या वहीवर कोणताही जुना मुनीम विश्वास ठेवीत नसे. संगणकाच्या इतिहासाची आजवरची वही बहुतांशी तशीच आहे; जे विकले गेले, गाजले, तेवढेच तिच्यात चढले आहे. मुरंब्याच्या मुलाने पुण्यात महासंगणक उभा केला, ही नोंद सर्वांना ठाऊक आहे. पण तो उभा राहण्यापूर्वी किती बोर्ड फसले, कोणती तार कुठून कुठे फिरवली, कोणता बेत सोडून दिला, या नोंदी जिथे असतील तिथे आज धूळ खात असतील किंवा उद्याच्या लॉटमध्ये किलोने जाणार असतील. तो लॉट ज्याच्या दारी येईल, त्याने वजनकाट्यावर चढवण्याआधी घटकाभर थांबून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.